आठ मॉस्फेटमध्ये नऊ लेव्हल होतात काय?

प्रश्न : सर, मी फोंड्याचा, इलेक्ट्रिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. पावसात माडाचं चुडत तारेवर पडलं की लाइट गेलीच, मग घरचा जुना इन्व्हर्टर चालू होतो नि फॅन असा घुं घुं करतो की आजी म्हणते, बंदच कर तो. म्हणून प्रोजेक्टला मल्टिलेव्हल इन्व्हर्टर घेतलाय, पायऱ्या-पायऱ्यांनी साइन वेव्हच्या जवळ जाणारा. नऊ लेव्हलना, म्हणजे व्होल्टेजच्या नऊ पायऱ्यांना, 16 मॉस्फेट (इलेक्ट्रॉनिक स्विच) लागतात, तेवढं बजेट नाही. कमी होतील काय?

उत्तर : होतील रे. तुमचा इन्व्हर्टर बहुतेक स्क्वेअर वेव्हचा असणार, व्होल्टेज नुसतं अधिक-उणे उडवणारा, त्यात हार्मोनिक्सच, म्हणजे मूळ लहरीत मिसळलेल्या नको त्या जास्त फ्रिक्वेन्सी, 48 टक्के, फॅन कण्हणार नाही तर काय. तुझे 16 आले कुठनं, तर चार एच-ब्रिज (चार मॉस्फेटचं सर्किट, बॅटरी सुलट, उलट नाही तर शून्य करून देणारं) सिरीजमध्ये आणि सगळ्यांना सारखी बॅटरी. पण सारखी कशाला? दोनच ब्रिज घे, एकाला 12 व्होल्ट, दुसऱ्याला 36, मग 12, 36 वजा 12 म्हणजे 24, 36 आणि मिळून 48, तेवढ्याच उलट्या बाजूला नि एक शून्य, झाल्या नऊ, आठ मॉस्फेटमध्ये.

आता गोम ऐक. ती 24 ची पायरी वजाबाकीची, त्या वेळी 12 ची बॅटरी करंट देत नाही, उलट चार्ज होत बसते. बॅटरी ते चालवून घेते, पण तिच्या जागी सोलर पॅनल लावलंस तर पॅनल काही करंट आत घेणार नाही, सगळं फिसकटलं. मी असतो तर गुपचूप 12 आणि 24 घेतले असते. सातच लेव्हल, पण वजाबाकीची गरज नाही, स्विचिंगचे अँगल (कुठली पायरी कधी चढायची ते) नीट काढलेस तर टीएचडी, म्हणजे सगळे हार्मोनिक्स मिळून, 12 टक्क्यांच्या आसपास येतो, पुढे छोटा फिल्टर. 230 ला न्यायला ट्रान्सफॉर्मर लागेलच.

सहा स्विचमध्ये सात लेव्हल देणारी पॅक्ड यू सेल नावाची रचना पण आहे, एक बॅटरी नि एक कपॅसिटर. पण तो कपॅसिटर बॅटरीच्या एक तृतीयांशावर धरून ठेवायचा कंट्रोल तुलाच लिहायचाय, दोन मॉस्फेट वाचवून महिना घालवशील.

आणि हो, दोन्ही बॅटऱ्यांचे मायनस चुकूनही एकत्र येऊ देऊ नकोस, ब्रिज सिरीजमध्ये आहेत, मॉस्फेटमधून शॉर्ट होईल. ऑसिलोस्कोपच्या (वेव्ह बघायच्या यंत्राच्या) दोन चॅनलचे ग्राउंड आतून एकच असतात हे मला दोन मॉस्फेट फुटल्यावर कळलं, दोन ब्रिजवर दोन प्रोबच्या ग्राउंड क्लिपा लावल्या होत्या. एका वेळी एकच प्रोब लाव.