पाठ झालेल्या बायबलमधून नवं काही कसं सापडेल?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: संडे स्कूलपासून बायबल वाचताय, रोजचं वाचन चुकत नाही, पण आता येशूचा एखादा दृष्टांत (बोधकथा) सुरू झाला की शेवट आधीच ठाऊक असतो. डोळे ओळींवरून फिरतात, आत काही शिरत नाही. काय करावं?

मी पाळक (चर्चचा पास्टर) नाही, धर्मशास्त्र शिकलेलो नाही. कर्नाटकातल्या चिकोडी तालुक्यात शेती करतो आणि घरोघरी भरणाऱ्या प्रार्थनासभांना जाऊन बसतो. त्या अनुभवावरून सांगतो. शास्त्र हातात घेतलं की आपण व्यवहारातली अक्कल चपलांबरोबर दाराबाहेर काढून ठेवतो. जमीन, मजुरी, वाटणी, भाऊबंदकी यांबद्दल एरवी जे दहा प्रश्न विचारू, ते तिथं विचारायचं धाडस करत नाही. मी म्हणतो, विचारा. बायबल लिहिणारी माणसं शेतकरी, मेंढपाळ, कोळी यांच्यात वावरलेली होती. त्यांना त्या प्रश्नांचं काही वावडं नाही.

उधळ्या पुत्राचंच घ्या, लूकच्या शुभवर्तमानाचा (येशूच्या चरित्राचा) अध्याय 15: धाकटा मुलगा आपला वाटा घेऊन जातो, उधळून कंगाल होऊन परततो, बाप त्याला माफ करून पुष्ट वासरू कापतो आणि थोरला रुसून बाहेर राहतो. आमच्या एका सभेत हा भाग वाचून झाला. पाळक क्षमेवर बोलायला लागणार, तेवढ्यात भिंतीला टेकून बसलेले एक म्हातारे काका म्हणाले, "पास्टर, वाटणी झाल्यावर ते वासरू कुणाचं हो? थोरल्याचंच की!" सगळे हसले. काकांची जमीन बरीच वर्षं कोर्टात अडकलेली, त्यामुळे वाटणी म्हटलं की त्यांचे कान टवकारतात. पण पाळक हसले नाहीत, त्यांनी बाराव्या वचनावर (अध्यायातल्या आकडा घातलेल्या ओळीवर) बोट ठेवलं. बापानं आपली मालमत्ता दोघांना वाटून दिली असं तिथं आहे. आपल्याला मात्र फक्त धाकट्याचा हिस्सा आठवतो.

आता हिशेब करा. जुन्या करारातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकात (21:17, म्हणजे अध्याय 21, वचन 17) सांगितल्याप्रमाणे थोरल्याला दुप्पट वाटा, म्हणजे तीनातले दोन भाग. धाकटा आपला एक भाग विकून गेला. मागं जे उरलं ते सगळं थोरल्याचं. बाप जिवंत आहे तोवर घरात सत्ता त्याची चालणार हे खरं, पण एकतिसाव्या वचनात "जे माझं ते सगळं तुझंच आहे" असं तो म्हणतो, ते नुसतं समजूत काढणं नव्हे. आमच्या भाषेत सांगायचं तर उताऱ्यावर थोरल्याचंच नाव लागलेलं आहे. मग पुष्ट वासरू, उत्तम झगा, बोटातली अंगठी हे सगळं कुणाच्या वाट्यातून गेलं? आणि त्याला शेतातून बोलवायला कुणी गेलंही नाही. गाण्याबजावण्याचा आवाज ऐकून त्यानं चाकराला विचारलं, तेव्हा कळलं. इतकी वर्षं आम्ही थोरल्याला खडूस ठरवून मोकळे होत होतो. त्या दिवशी निम्मी सभा त्याच्या बाजूची झाली.

इथं गोष्ट खरी अवघड होते. धाकट्याला माफ करायचं तर पदरमोड थोरल्याला करावी लागणार आहे, आणि बाप अंगणात येऊन त्याचीच विनवणी करतोय. तो आत गेला की नाही, हे लूक सांगत नाही. दृष्टांत कुणाला सांगितला तेही पहिल्या दोन वचनांत आहे: पाप्यांबरोबर जेवतो म्हणून कुरकुर करणारे परूशी (नियमशास्त्र काटेकोर पाळणारा यहूदी पंथ) आणि शास्त्री (नियमशास्त्राचे पंडित) समोर उभे होते. आत जायचं की नाही, ते त्यांनी ठरवायचं होतं.

दुसरी गोष्ट, आपण छापलेल्या तुकड्यांत वाचतो. अध्याय मुळात नव्हतेच. आज आपण वापरतो ती अध्यायांची विभागणी 13 व्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडचे आर्चबिशप स्टीफन लँग्टन यांनी केली असं मानतात. नव्या करारातले वचनांचे आकडे तर 1551 साली फ्रेंच मुद्रक रोबेर एस्तिएन यांच्या छापील प्रतीत आले. सोय उत्तम झाली, पण काही ठिकाणी सुरी भलतीकडेच फिरली. मत्तय 20 मधला द्राक्षमळ्यातल्या मजुरांचा दृष्टांत (पहाटे आलेल्याला आणि दिवस मावळताना आलेल्याला धनी सारखीच मजुरी देतो) आपण पहिल्या वचनापासून वाचतो. त्याच्याआधी 19:27 मध्ये शिष्य पेत्र येशूला विचारतो, आम्ही सगळं सोडून तुमच्यामागं आलो, आम्हाला काय मिळणार? दृष्टांत म्हणजे त्या प्रश्नाचं उत्तर आहे. पहाटेपासून राबलेले कुरकुर करतात तिथं पेत्राला बसवून वाचा. आणि दृष्टांत संपल्यावर थोड्याच वेळात जब्दीच्या मुलांची (याकोब आणि योहान या शिष्यांची) आई येऊन येशूच्या राज्यात त्यांच्यासाठी उजवी-डावीकडच्या जागा मागते. इतकं ऐकूनही!

याच दृष्टांतात आणखी एक गंमत आहे. धन्याकडे कारभारी आहे, संध्याकाळी मजुरी तोच वाटतो. मग दिवसातून पाच वेळा चौकात धनी स्वतः का जातो? अथणीकडं द्राक्षबागा आहेत, आमच्याकडं ऊस; मजूर आणायला मालक स्वतः हिंडतो तो काम अडलं तरच. इथं काम अडल्याचं कुठं लिहिलेलं नाही. शिवाय मजूर थांबतात त्या नाक्यावर सकाळी उशिरा जाऊन बघा, कोण उरलेलं असतं? धट्टेकट्टे गडी केव्हाच गेलेले असतात. मागं राहतात म्हातारे, अशक्त, कुणाच्या ओळखीचे नसलेले. "आम्हाला कुणी कामावर लावलं नाही" हे सातवं वचन त्यांच्याकडे बघून वाचा, आळशी म्हणून त्यांना हिणवायची हिंमत होणार नाही.

वर्षात बायबल पूर्ण करायच्या तक्त्यांबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. 1189 अध्याय म्हणजे रोज तीन-सव्वातीन. त्या घाईत वासरू कुणाचं हे कोण विचारणार? त्यापेक्षा एखाद्या दिवशी मार्कचं अख्खं शुभवर्तमान एका बैठकीत मोठ्यानं वाचा, दीड-दोन तासांत होतं. घरात कन्नड वाचणारं कुणी असेल (आमच्याकडं गोकाकहून आलेल्या सुना आहेत) तर एक वचन मराठी, एक कन्नड असं वाचा. वेग आपोआप कमी होतो.

आणि खरं सांगा, पाठ झालंय ते सगळं बायबल की ठरावीक वीस-पंचवीस उतारे? रिस्पा आठवते का? 2 शमुवेल 21. ती इस्राएलचा पहिला राजा शौल याची उपपत्नी. शौलाच्या सात वंशजांना मारून डोंगरावर टांगलं, त्यांत तिची दोन मुलं. तिनं खडकावर गोणपाट अंथरलं आणि हंगामाच्या सुरुवातीपासून पाऊस पडेपर्यंत दिवसा पाखरं, रात्री जनावरं प्रेतांजवळ फिरकू दिली नाहीत. सबंध अध्यायात ती एक शब्द बोलत नाही. पण ते कानावर गेल्यावर दावीद राजानं शौल आणि त्याचा मुलगा योनाथान यांच्या अस्थी आणवून नीट पुरल्या. मी यावर एकही उपदेश ऐकलेला नाही.

एक सावधगिरी मात्र घ्या. नवं म्हणजे छुपं नव्हे. योहान 21 मध्ये शिष्यांच्या जाळ्यात 153 मासे सापडले, त्या आकड्यावर लोकांनी शतकानुशतकं डोकं खपवलंय. प्राचीन काळातले ख्रिस्ती धर्मपंडित संत ऑगस्टिन यांनी दाखवलं की 1 ते 17 ची बेरीज 153 येते. येते खरी. पण नावेवर सात जण होते, मासे वाटून घ्यायचे म्हणजे मोजावेच लागणार, हे आमच्या सभेतल्या बायकांनी लगेच सांगितलं. त्याहून मला नववं-दहावं वचन अडवतं. शिष्य किनाऱ्यावर उतरले तेव्हा विस्तवावर मासळी आधीच होती, भाकरही होती. तरी येशू म्हणतो, तुम्ही आत्ता धरलेल्यातले थोडे आणा. कशाला? शेजारच्या काकू म्हणतात, रात्रभर राबून आलेल्यांच्या कष्टाचं ताटात आलंच पाहिजे, नाहीतर जेवण गोड लागत नाही. पाळक म्हणतात, सात दमलेल्या माणसांना तेवढी मासळी पुरणार नव्हती, इतकं साधं आहे. मी अजून काकूंच्या बाजूला आहे. तुम्ही वाचून बघा आणि तुमचं मत खाली लिहा.