दुसरी खिडकी

चि. बाळ,

अनेक आशीर्वाद.

परवा रात्री तुझा मेसेज आला. माणसाचा चेहरा ओळखून गेट उघडणारी यंत्रणा बनवणाऱ्या कंपनीत नोकरी मिळते आहे, पगार चांगला आहे, आई हो म्हणते आहे आणि तुला मात्र झोप लागत नाही. शेवटी विचारलंस, ‘काका, अजून वीस वर्षांनी हे सगळं कुठे जाईल असं तुम्हाला वाटतं?’ दहावीला तुला गणित शिकवलं त्या हक्काने तू विचारलंस, त्याच हक्काने उत्तर देतो. लांबेल. सवडीने वाच.

मी कॉम्प्युटरचं शिक्षण घेतलेलं नाही. १९८६ ते २०२१, पस्तीस वर्षं लोकलच्या तिकीट खिडकीत बसलो. माझं जे काही मत झालं आहे ते त्या खिडकीतून दिसलेल्या माणसांवरून.

मी लागलो तेव्हा पुठ्ठ्याची तिकिटं होती. लाकडी फडताळात स्टेशनवार रचलेली. तिकीट ओढायचं, तारखेच्या यंत्रात सरकवायचं, खट् आवाज व्हायचा आणि तिकीट खिडकीखालून पुढे. त्यावर नंबर असायचा, भाडं असायचं, नाव नसायचं. ठाण्याला कोण गेलं, कल्याणला कोण उतरलं, याची कुठे नोंद नव्हती. नवऱ्याचा मार खाऊन माहेरी निघालेली बाई, युनियनच्या सभेला जाणारा कामगार, कॉलेज बुडवून गिरगाव चौपाटीला जाणारी पोरं, सगळ्यांना मी तीच पुठ्ठी दिली. पैसे दिले की जाता येत होतं. कशाला, हे कुणी विचारत नव्हतं. तेव्हा याला स्वातंत्र्य म्हणावं असं मला सुचलंही नाही, कारण ते सगळ्यांकडे होतं.

हे सांगतो म्हणून जुनं ते सोनं म्हणणाऱ्यांत मला धरू नकोस. महिन्याच्या पहिल्या तारखेला पाससाठी लागणारी रांग मी खिडकीच्या आतून पाहिली आहे. उन्हात तास तास उभ्या असलेल्या, कामावर खाडा पडेल म्हणून कासावीस झालेल्या बाया पाहिल्या आहेत. २०१४च्या डिसेंबरात मुंबईत मोबाइलवर लोकलचं तिकीट निघायला लागलं तेव्हा मला आनंदच झाला. आमच्या स्टेशनात एक अंध मित्र पेनं आणि रुमाल विकायचा. हातात पडलेली नोट केवढ्याची, यासाठी त्याला आयुष्यभर गिऱ्हाइकाच्या शब्दावर विसंबावं लागलं. २०२० साली रिझर्व्ह बँकेने नोट ओळखून सांगणारं ‘मनी’ नावाचं ॲप काढलं. फोनने नोट वाचून दाखवली त्या दिवशी तो मला म्हणाला, ‘आता मला कुणी फसवलं तर ते माझ्या समोर फसवेल.’ यंत्र माणसाला मोकळं करतं, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. तुझं शिक्षण वाया गेलं असं चुकूनही मनात आणू नकोस.

आता वीस वर्षांनंतरचं. हा माझा अंदाज आहे, भविष्य नव्हे. स्टेशनात तिकीट ही वस्तूच उरणार नाही. तू चालत जाशील, कॅमेरा तुला ओळखेल, खात्यातून भाडं वळतं होईल. मुंबईच्या विमानतळावर चेहरा दाखवून आत जाण्याची सोय आजच आहे, आणि ती ऐच्छिक आहे. हा ‘ऐच्छिक’ शब्द लक्षात ठेव, मी त्यावर परत येणार आहे. मनगटावरचं घड्याळ तुझी झोप आणि तुझी चाल मोजेल आणि विम्याचा हप्ता त्यावर ठरेल. कानातलं यंत्र मराठीत सांगेल की आज जिना चढू नका, हे खाऊ नका, या माणसाशी जपून बोला. म्हाताऱ्यांना त्याची सोबत होईल, आणि ती सोबत खरीच असेल. मला भीती एवढीच वाटते की सल्ला सतत मिळत राहिला तर स्वतः ठरवायची सवय गंजते. चुकीच्या गाडीत बसून विरारला पोचलेला माणूस पुन्हा कधी फलक न वाचता चढत नाही. तसं चुकायलाही माणसाला जागा लागते.

पैशाचं मात्र मला सगळ्यात जास्त वाटतं, म्हणून त्यावर थोडा थांबतो. रिझर्व्ह बँकेने १ डिसेंबर २०२२ रोजी सामान्य माणसासाठी डिजिटल रुपयाची, म्हणजे नोटेऐवजी फोनमध्ये राहणाऱ्या रुपयाची, चाचणी सुरू केली. सुरुवातीच्या चार शहरांत मुंबई होती. ठरावीक कामासाठीच खर्च होईल असा पैसा बनवण्याचा विचारही पुढे त्यात आला. खताचं अनुदान खतावरच खर्च व्हावं, यात वाईट काही नाही. पण मला आपल्या चाळीतले तांदळाचे डबे आठवतात. बायका घरखर्चातून दहा-वीस रुपये काढून डब्यात तळाशी ठेवायच्या. मुलीची फी, बहिणीचं बाळंतपण, कधी नुसता स्वतःचा चष्मा. नवऱ्याला पत्ता नसायचा. ८ नोव्हेंबर २०१६च्या रात्री पाचशे-हजारच्या नोटा बंद झाल्या आणि दुसऱ्या दिवशी ते डबे नवऱ्यांसमोर उपडे करावे लागले. एका घरात त्यावरून झालेलं भांडण मी जिन्यावरून ऐकलं. ‘माझ्यापासून लपवलेस?’ या प्रश्नाला ती बाई काहीच बोलली नाही. ज्या पैशाचा प्रत्येक रुपया आपला मागचा-पुढचा प्रवास सांगतो, त्या पैशात तांदळाचा डबा कुठे ठेवायचा? तुझ्या पिढीने हे कोडं सोडवायला हवं. गणिताने सुटेल असं मला वाटतं, पण आधी ते कोडं आहे असं कुणाला तरी वाटायला हवं.

आता तुझ्या चेहऱ्याच्या यंत्राकडे येतो. माझी आई गिरणगावात खाणावळ चालवायची. तीस-पस्तीस माणसांच्या भाकऱ्या दोन्ही वेळेला. म्हातारपणी एका कचेरीत तिला बोटांचा ठसा द्यायचा होता. यंत्र घेईना. हात धुवून दे, पदराला पुसून दे, दुसरं बोट दे, सगळं झालं. आयुष्यभर भाकऱ्या थापून, विस्तवात हात घालून रेषाच झिजल्या होत्या. खिडकीतला मुलगा वाईट नव्हता, पण त्याच्या हातात काही नव्हतं. पडदा लाल झाला की त्याचंही काम थांबत होतं. तीन खेपा झाल्या. तिसऱ्या खेपेला परत येताना आई म्हणाली, ‘मी मीच आहे हे आता कुणाकडून लिहून आणू?’ मी पस्तीस वर्षं खिडकीत बसलेला माणूस, मला तिला काही सांगता आलं नाही.

तुमची कंपनी म्हणेल की आमचं यंत्र फार अचूक आहे. असेल. वही काढ आणि हिशेब कर. हजारात एकदा चुकतं असं धर. करोनाच्या आधी मुंबईच्या लोकलने रोज साधारण ७५ लाख प्रवास होत होते. हजारात एक म्हणजे दिवसाला साडेसात हजार. गर्दीच्या वेळची खच्चून भरलेली बारा डब्यांची एक लोकल, आणि वर अर्धी. तेवढी माणसं रोज गेटशी अडणार. आणि ती कुठलीही माणसं नसतील. ज्यांचे चेहरे यंत्राला शिकवताना कमी दाखवले, तीच पुन्हा पुन्हा अडतील. उन्हाने रापलेली, भाजलेली, म्हातारी. टक्केवारी लिहिताना तू हे माणसांत मोजून बघ, एवढंच सांगतो.

मग करायचं काय? मला एक दृश्य आठवतं. ऑगस्ट २०२१, माझ्या नोकरीचे शेवटचे महिने. दोन डोस घेऊन चौदा दिवस झालेल्यांना १५ ऑगस्टपासून लोकलची परवानगी मिळाली. मोबाइलवर क्यूआर कोड काढायची सोय होती. पण ज्यांच्याकडे तसा फोन नाही त्यांच्यासाठी स्टेशनांवर टेबलं मांडली. पालिकेचे लोक प्रमाणपत्र तपासून शिक्का मारायचे आणि तो कागद घेऊन माणूस माझ्याकडे मासिक पासला यायचा. एक घरकाम करणारी बाई दुधाच्या पिशवीत कागद गुंडाळून आली होती. पास हातात पडल्यावर तिने तो कपाळाला लावला. ते टेबल नसतं तर ती घरी बसली असती, आणि हिशेबात ती कुठे दिसलीही नसती. त्या दिवसापासून माझं मत पक्कं आहे. यंत्र हवं तेवढं हुशार होऊ दे, शेजारी दुसरी खिडकी हवी. आणि तिथे येणाऱ्याला ‘का आलास’ असं विचारायचं नाही.

इंजिनियर लोक म्हणतात, दोन पद्धती ठेवल्या की गोंधळ होतो. मुंबईला हे सांगू नये. १९०६ साली देशभर एक प्रमाणवेळ आली तेव्हा या शहरात विरोध झाला, गिरणी कामगार त्यात होते. त्यानंतर कित्येक दशकं, स्वातंत्र्य मिळाल्यावरही काही काळ, इथे ‘मुंबई टाइम’ चालू राहिला. प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे. आगगाड्या एका वेळेवर, शहरातली किती तरी घड्याळं दुसऱ्या. माझे आजोबा दोन्ही वेळा तोंडपाठ सांगायचे. शहर बंद पडलं नाही.

पण दुसरी खिडकी कुणाच्या मेहेरबानीवर ठेवू नये, हेही याच शहराने शिकवलं आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांसाठी वर्षानुवर्षं झगडून रविवारची सुट्टी मिळवली, १० जून १८९० रोजी. तेव्हा अंधार पडला की गिरणी थांबायची. पुढे १९०५च्या सुमाराला गिरण्यांत विजेचे दिवे आले. केवढी सुधारणा! आणि कामाचे तास पंधरापर्यंत गेले. सूर्य बुडणं हीच कामगाराची सुटका होती, ती दिव्याने घेतली. अर्थात दिव्याला काय कळतं, तास मालकाने वाढवले. १९११च्या कायद्याने गिरणीतल्या पुरुषांसाठी बारा तासांची मर्यादा घातली तेव्हा कुठे आवर बसला. दिवा आणि कायदा यांच्यामधली जी पाच-सहा वर्षं आहेत ना, त्यात माझ्या पणजोबांचं आयुष्य गेलं. आज तुम्ही तशाच मधल्या वर्षांत उभे आहात. वाचलेला वेळ कुणाला मिळणार, हे यंत्र ठरवत नाही.

कायदा अगदीच नाही असंही नाही. के. एस. पुट्टस्वामी नावाचे निवृत्त न्यायमूर्ती २०१२ साली आधार योजनेविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले तेव्हा ८६ वर्षांचे होते. त्याच खटल्यात २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. २०२३च्या माहिती संरक्षण कायद्यात असं आहे की संमती जितक्या सहज दिली तितक्याच सहज परत घेता आली पाहिजे. त्याच कायद्यात सरकारला सूट देणाऱ्या तरतुदीही आहेत, त्या मला खटकतात. तू दोन्ही बाजू मुळातून वाच, माझ्या शब्दावर जाऊ नकोस.

तर बाळ, नोकरी घे. तू नाही घेतलीस तर ज्याला झोप छान लागते असा कुणीतरी घेईल. पण पहिल्याच आठवड्यात विचार की चेहरा जुळला नाही तर त्या माणसाचं काय होतं, तो किती वेळ उभा राहतो, त्याच्याशी बोलायला हाडामांसाचं माणूस असतं का. ज्याला चेहरा द्यायचाच नाही त्याला तेवढ्याच पैशांत, तेवढ्याच वेळात आत जाता येतं का, हे विचार. ऐच्छिक या शब्दाचा अर्थ मी तोच समजतो. दुसरी खिडकी मागच्या अंगाला, दिव्याविना, दोन तासांच्या रांगेची असेल तर ती असून नसल्यासारखी. आणि कोण कधी आलं-गेलं याची नोंद कोणत्या दिवशी पुसली जाते ते विचार. तारीख सांगितली पाहिजे. माझ्या पुठ्ठ्याच्या तिकिटाची नोंद स्टेशनाबाहेर पडताच संपत होती. उत्तरं टाळली गेली तर सहा महिन्यांत दुसरी नोकरी शोध. तुझ्या आईशी मी बोलेन.

आणखी एक. चाळ जाऊन टॉवर झाला, आता आपल्या गेटवरही चेहऱ्याचं यंत्र बसवायचं ठरतंय. येत्या रविवारी सकाळी दहाला सोसायटीची सभा आहे. मी अर्ज लिहिला आहे: रजिस्टरची वही आणि पेन टेबलावर कायम राहावं, आणि वहीत सही करणाऱ्या मोलकरणीला, कुरियरवाल्या पोराला कुणी थांबवू नये. तांत्रिक प्रश्न मला नीट मांडता येत नाहीत, ते तू मांड. अर्जाखाली तिसऱ्या ओळीत तुझ्या सहीची जागा सोडली आहे. साडेनऊला ये, काकूने घावणे करायचं कबूल केलं आहे.

तुझा,
काका