फ्रेंचमध्ये एखाद्या शहरात काय काय आहे हे कसं विचारायचं?

तुम्ही नाशिकला फ्रेंच शिकताय, देल्फ ए१ची (फ्रेंचच्या सुरुवातीच्या पातळीची) तोंडी परीक्षा जवळ आलीय आणि ‘केस्किल या’ आणि ‘एस्किल या’ यांत सारखी गल्लत होतेय, असं तुम्ही लिहिलंय. मी पुण्यात नवशिक्यांना फ्रेंच शिकवते. ही गल्लत जवळजवळ प्रत्येक बॅचमध्ये होते, तेव्हा फार मनाला लावून घेऊ नका.

मराठीत ‘काय आहे?’ आणि ‘आहे का?’ यांत कधी गोंधळ होतो का आपला? इथेही तेवढंच आहे. ‘केस्किल या आ ल्यों?’ म्हणजे ल्यों या फ्रेंच शहरामध्ये काय आहे. समोरचा यादी सांगेल. ‘एस्किल या अं म्युझे आ ल्यों?’ म्हणजे ल्योंमध्ये संग्रहालय आहे का. याचं उत्तर ‘वी’ किंवा ‘नों’. नुसत्या सुरुवातीच्या ‘क’वर लक्ष ठेवा, बाकी सारखंच आहे. ‘बघण्यासारखं काय आहे’ असं विचारायचं असेल तर मध्ये ‘आ व्ह्वार’ घालायचं: ‘केस्किल या आ व्ह्वार आ ल्यों?’ मात्र शहराचं नाव गाळून नुसतं ‘केस्किल या?’ म्हणालात तर समोरच्याला वाटेल तुम्ही ‘काय झालं?’ असं विचारताय.

‘इल या’ची (म्हणजे ‘आहे’ची) एक सोय आहे. आपल्याकडे पूल आहे, पूल आहेत असं क्रियापद बदलतं, तिथे एक असो की शंभर, ‘इल या’च. बदलतो तो पुढचा शब्द: पुल्लिंगी अं, स्त्रीलिंगी यून किंवा अनेकवचनी दे. आणि नकारात या तिघांच्याही जागी फक्त ‘द’ येतो. ‘इल या अं मेत्रो’ (मेट्रो आहे), पण ‘इल निया पा द मेत्रो’ (मेट्रो नाही). स्वर आला की तो द चिकटतो: ‘पा दाएरोपॉर’ (विमानतळ नाही). इथे माझे विद्यार्थी सर्वांत जास्त घसरतात, कारण ‘पा अं मेत्रो’ कानाला चुकीचं वाटतच नाही.

‘अमुक शहरात’ म्हणायचं तर शहराच्या नावाआधी ‘आ’ लावायचं. अपवाद ल आव्र, ल मां अशा नावांचा, त्यांचं ‘ओ आव्र’, ‘ओ मां’ होतं. ला रोशेल मात्र ‘आ ला रोशेल’च राहतं.

शब्दसंग्रहात तीन-चार फसवे आहेत. ‘लिब्रेरी’ हे पुस्तकांचं दुकान, वाचनालय म्हणजे ‘बिब्लियोतेक’. ‘ओतेल द वील’मध्ये खोली मिळत नाही, ती महापालिकेची इमारत. ‘गार’ म्हणजे रेल्वे स्टेशन, मेट्रोचं मात्र ‘स्तास्यों’.

नदीपाशी जरा थांबते, कारण नाशिककर नदीबद्दल बोलणारच. समुद्राला मिळणारी मोठी नदी ती ‘फ्लव्ह’, दुसऱ्या नदीला मिळणारी ती ‘रिव्हिएर’. ल्योंमध्ये दोन्ही आहेत: रोन हा फ्लव्ह (हो, पुल्लिंगी), भूमध्य समुद्रापर्यंत जाणारा, आणि सोन ही त्याला शहरातच येऊन मिळणारी रिव्हिएर. त्या संगमाच्या टोकावर २०१४ साली उघडलेलं काचेचं आणि धातूचं एक अवाढव्य संग्रहालय आहे. आपली गोदावरी बंगालच्या उपसागराला मिळते, म्हणजे फ्लव्हच. परीक्षेत ‘आ नाशिक, इल या अं फ्लव्ह, ला गोदावरी’ म्हणून बघा. मग ‘इल या दे तांप्ल’ (देवळं), ‘इल या बोकू द व्हिन्योब्ल’ (भरपूर द्राक्षमळे) आणि ‘इल निया पा द मेत्रो’. द्राक्षमळे निघाले की परीक्षक पुढचा प्रश्न विचारणारच, तेव्हा वाइनवर दोन वाक्यं तयार ठेवा.

फ्रान्सला गेलात तर अनोळखी माणसाला काहीही विचारायच्या आधी ‘बोंझूर’. ते न म्हणता थेट ‘एस्किल या यून फार्मासी प्रे दिसी?’ (इथे जवळपास औषधांचं दुकान आहे का?) विचारलंत तर व्याकरण बिनचूक असूनही उद्धट वाटतं. उत्तर मिळेल ते पुस्तकातल्यासारखं नसेल. बोलताना लोक ‘इल’ आणि ‘न’ दोन्ही गिळतात आणि कानावर फक्त ‘या पा’ पडतं. ऐकायची सवय करा, पण परीक्षेत पूर्णच बोला.

तोंडीच्या दुसऱ्या भागात शब्द लिहिलेल्या चिठ्ठ्या मिळतात आणि त्यावरून तुम्हीच परीक्षकाला प्रश्न विचारायचा असतो. ‘सिनेमा’ आलं तर ‘एस्किल या अं सिनेमा प्रे द शे व्हू?’ (तुमच्या घराजवळ थिएटर आहे का?). आदरार्थी ‘व्हू’च म्हणा, एकेरी ‘तू’ नको. आणि चिठ्ठीवर नुसतं ‘वील’ (शहर) असेल तर ‘केस्किल या दां व्होत्र वील?’ (तुमच्या शहरात काय आहे?) विचारून मोकळे व्हा, पुढचं बोलायचं काम परीक्षकाचं.