गुणी पण लहरी खेळाडू ट्रेडमध्ये (संघांमधल्या अदलाबदलीत) घ्यावा का?

स्वस्तात मिळत असेल तर जरूर घ्यावा, भारी किंमत मोजून नाही. अमेरिकन फुटबॉलमधला पास झेलणारा खेळाडू रँडी मॉस बघा. २००५ मध्ये ओकलंड रेडर्सनी त्याच्यासाठी ड्राफ्टमधला (नवे खेळाडू निवडण्याच्या वार्षिक फेऱ्यांमधला) सातवा क्रमांक आणि वर लाइनबॅकर (बचावपटू) नेपोलियन हॅरिस त्याच्या तेव्हाच्या संघाला, मिनेसोटाला दिला. २००६ च्या मोसमात मॉसचे टचडाउन (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपार नेऊन मिळवलेले गुण) किती? तीन! गड्याचं मनच लागत नव्हतं.

२००७ मध्ये पेट्रियट्स या संघाने तोच माणूस ड्राफ्टच्या चौथ्या फेरीच्या एका पिकवर (निवडीच्या हक्कावर) उचलला. फसला असता तरी फार काही गेलं नसतं. शिवाय त्याने पगारही कमी करून घेतला. पास टाकायला टॉम ब्रेडीसारखा अव्वल खेळाडू होता. त्या मोसमात मॉसने २३ टचडाउन झेल घेतले, विक्रमच तो.

म्हणून मी आधी खेळाडूची आकडेवारी नाही, तर त्याला चेंडू कोण देणार आणि करार किती वर्षांचा आहे ते बघेन. स्वभाव बदलेल या आशेवर तर अजिबात घेऊ नये. २०१० मध्ये मिनेसोटाने जुन्या ओढीने मॉसला तिसऱ्या फेरीचा पिक देऊन परत आणलं आणि महिनाभरही न ठेवता सोडून दिलं.