वाचक विचारतात : माग, अभ्यास आणि अफ्रोबीट्स

प्रश्न : सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत दिवसपाळीला माग चालवतो, संध्याकाळी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो. पुस्तक उघडलं की डोळे मिटतात. मित्राने उमेद देणारी अफ्रोबीट्स (नायजेरिया-घानाकडचं ठेकेदार पॉप संगीत) गाणी मोबाइलमध्ये भरून दिली आहेत. मागावर आणि अभ्यासाच्या वेळी ऐकली तर चालतील का?

उत्तर : दोन्ही वेळी नको. कारखाना आणि पुस्तक यांच्या मधल्या वेळेत ऐका.

मागाच्या खडखडाटात गाणं ऐकू यावं म्हणून आवाज वाढवत न्यावा लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने 80 डेसिबल आवाज आठवड्याला 40 तास ऐकणं सुरक्षित. 90 डेसिबलला ही मर्यादा 4 तासांवर येते. पाळीत इअरफोन नाही, इअरप्लग घाला. त्याने आवाज उतरतो, तरी सूत तुटल्यावर मागाचा बदललेला सूर कळतो.

वाचताना अडचण वेगळी. गाण्यातली योरुबा (नायजेरियातली एक भाषा) कळली नाही तरी माणसाचा आवाज लक्ष खेचतोच, आणि पाठांतर सर्वांत आधी बिघडतं.

आता उपयोग. अफ्रोबीट्सची बरीच गाणी मिनिटाला 100 ते 115 ठोक्यांची असतात, आणि झपझप चालताना पावलंही मिनिटाला शंभराच्या पुढेच पडतात. 15 सेकंद बोटाने ठोके मोजा : 25 आले तर गाणं यादीत सुरुवातीला, 28 आले तर नंतर. अशी सहा गाणी म्हणजे साधारण 20 मिनिटं. संभाजी तलावाकाठी किंवा मैदानात चाला. सात रस्त्यासारख्या गर्दीत इअरफोन काढा, दुचाकीवर तर घालूच नका. आवाज निम्म्यावर ठेवा. मे महिन्यात ऊन उतरल्यावरच निघा.

गाडी अडते ती गाणं शोधताना : एक गाणं बदलायला मोबाइल उघडला की अर्धा तास रील्समध्ये जातो. यादी आधीच उतरवून घ्या, फोन फ्लाइट मोडवर टाका, घरी आल्यावर दुसऱ्या खोलीत ठेवा. तोंड धुऊन लगेच बसा आणि गणितं आधी घ्या. एवढं करूनही डोळे मिटत असतील तर झोप कमी पडते आहे. ती गाण्याने भरून निघत नाही.

प्रश्न : मंडळात लेझीम खेळते, हलगीवर पाय चुकत नाही. अफ्रोबीट्सवर मात्र चुकतो. का?

उत्तर : पाय बरोबरच असतो, टाळी चुकते. सोळा मात्रा मोजा. पाय 1, 5, 9, 13 वर. टाळी 1, 4, 7, 11, 13 वर. या संगीतात हा साचा, किंवा त्याचे जवळचे प्रकार, वारंवार भेटतात. पहिली आणि शेवटची टाळी पायाबरोबर पडते, मधल्या तीन अधांतरी. सवयीने 7 ची टाळी 9 वर, पायाच्या जोडीला सरकते आणि सगळा झोका जातो. आधी गाणं बंद ठेवून, अंक तोंडाने म्हणत, अगदी सावकाश करा. 7 ची टाळी पक्की झाली की 11 आपोआप जागेवर बसते.