‘स्रोत’मधला आगंतुक ‘त’

प्रश्न असा आहे: ‘ओपन सोर्स’ला (ज्याची संहिता, म्हणजे प्रोग्रामरने लिहिलेला मूळ मजकूर, कोणालाही पाहता, बदलता आणि वाटता येतो अशा सॉफ्टवेअरला) मराठीत ‘मुक्त स्त्रोत’ म्हणावे की ‘खुला स्त्रोत’? आणि जे सॉफ्टवेअर मोफत उतरवून घेता येते, ते सगळे यात मोडते का?

आधी दुरुस्ती. एवढ्याशा प्रश्नात ‘स्त्रोत’ दोनदा आला आहे. शब्द ‘स्रोत’ आहे. स, त्याला जोडून र, वर ओकार, मग त. पहिल्या अक्षरात त नाही आणि कधी नव्हताही. धातू ‘स्रु’, म्हणजे वाहणे, पाझरणे. स्रवणे, स्राव, स्रोत ही सगळी त्याचीच मंडळी. ‘स्त्र’ हे जोडाक्षर शस्त्र-वस्त्र-शास्त्राच्या घरचे. तिथे ‘त्र’ हा साधनवाचक प्रत्यय आहे: ‘शस्’ म्हणजे कापणे, कापायचे साधन ते शस्त्र, ‘वस्’ म्हणजे अंगावर घेणे, ते वस्त्र. स्रोताला कोणाला कापायचे नाही आणि कोणाला झाकायचेही नाही. तरी बातम्यांत, सरकारी पत्रकांत, पाठ्यपुस्तकांत हा त सर्रास घुसतो. सहस्र, अजस्र, हिंस्र, रक्तस्राव यांनाही हीच बाधा झालेली दिसते. (आडनावाचे वेगळे. सहस्रबुद्ध्यांनी आपले नाव कसे लिहावे हे सांगणारे आपण कोण?)

पाण्याचा स्रोत, उत्पन्नाचा स्रोत हे अर्थ सगळ्यांना ठाऊक आहेत, ते सोडून देऊ. खरी गंमत या आगंतुक त-मध्ये आहे. इंग्रजीतला ‘स्ट्रीम’, म्हणजे ओढा, प्रवाह, हा शब्द आपल्या ‘स्रोत’चा सख्खा चुलतभाऊ आहे. दोघांचे मूळ एकच: ‘स्रेउ’सारखा उच्चार असलेला, वाहणे या अर्थाचा आदिम इंडो-युरोपीय धातू. त्या धातूत ट नाही. जर्मानिक भाषांच्या तोंडी मात्र ‘स्र’चा ‘स्त्र’ झाला, आणि इंग्रजीत स्ट्रीम तर जर्मनमध्ये ‘श्ट्रोम’ आला. रशियनमध्येही हेच घडले. तिथे ‘स्त्रुया’ म्हणजे पाण्याची धार आणि ‘ओस्त्रोव’ म्हणजे बेट, ज्याच्या भोवतीने पाणी वाहते ते. लात्वियनमध्ये प्रवाहाला ‘स्त्रावा’ म्हणतात. शेजारच्या लिथुआनियनने मात्र ‘स्रोवे’ म्हणत त-ला दारातच अडवले. ग्रीकमध्ये सुरुवातीचा स गळून नुसता ‘ऱ्हेओ’ उरला. डायरियातला ‘रिया’ तोच, अर्थ ‘आरपार वाहणे’. फारसीतही स गेला आणि नदीला ‘रूद’ म्हणू लागले. इस्फहानमधून वाहणाऱ्या झायंदे-रूदमधला ‘रूद’ आणि आपला ‘स्रोत’ हा एकच शब्द.

तेव्हा ‘स्त्रोत’ लिहिणारी मराठी माणसे नकळत जर्मनांनी आणि रशियनांनी केले तेच करत आहेत. याचे कारण जिभेत आहे. स म्हणताना जिभेचे टोक आणि दातांमागचा भाग यांत बारीक फट राहते. र म्हणताना त्याच टोकाला वर टपली मारायची असते. फटीतून टपलीकडे जाताना क्षणभर हवा पूर्ण अडते, आणि हवा अडून सुटली की त ऐकू येतो. हाच प्रकार म आणि र यांच्यामध्ये झाला तर ब ऐकू येतो: ताम्र, मग तंब, मग तांबे. ताम्रात ब कुठे होता? न आणि र यांच्यात द येतो: वानरचा वांदर. तांब्यातला ब, वांदरातला द आणि स्त्रोतातला त हे तिघेही एकाच वाटेने आलेले उपरे आहेत.

इथेच काही भाषाशास्त्री हात वर करतात: तांबे चालते तर स्त्रोत का नाही, लोक बोलतात ती भाषा, रूढ झाले ते शुद्ध. हा युक्तिवाद अर्धवट आहे. तांबे शतकानुशतके तोंडातोंडांतून घासून आले. त्याने आपले सगळे रूप बदलले, र टाकला, ब घेतला आणि तद्भव झाला. स्रोत आपण संस्कृत पोथीतून जसाच्या तसा उचलला आहे. उचललेला शब्द चुकीचा लिहायचा आणि त्याला भाषेचा प्रवाह म्हणायचे, याला आळस म्हणतात. स्रोताचे खरोखर घासलेले रूप पाहायचे तर पालीतला ‘सोत’ किंवा हिंदीतला ‘सोता’ पाहा. तिथे र गळाला, उपरा त आलाच नाही. बोलताना तुमची जीभ अडखळली तर अडखळू द्या. लिहिताना हात का अडखळावा?

हात अडखळतो त्यात संगणकाचाही वाटा आहे, आणि तो सुधारता येतो. संगणकावर अक्षरे साठवण्याच्या युनिकोड पद्धतीत ‘स्र’ म्हणजे स, हलन्त, र अशी तीन चिन्हे. ‘स्त्र’ म्हणजे पाच. छोट्या आकारात दोन्ही जोडाक्षरे सारखीच दिसतात, त्यामुळे नजर फसते. जुना मजकूर सुधारताना बरेच जण ‘स्त्र’ शोधून त्या जागी ‘स्र’ टाकतात आणि सगळे बदला हे बटण दाबतात. मग शास्त्राचे ‘शास्र’ आणि स्त्रीची ‘स्री’ होते. जरा शहाणे असतात ते पूर्ण ‘स्त्रोत’ शोधतात, पण ‘वस्त्रोत्पादन’ या निरपराध शब्दातही ‘स्त्रोत’ दडलेला आहे. त्याचे ‘वस्रोत्पादन’ होते. ‘स्त्राव’ बदलायला जाल तर आणखी फसाल, कारण ‘वस्त्रावर’, ‘शास्त्रावर’, ‘शस्त्रावर’ या सगळ्यांत तो आहे.

लिब्रेऑफिस या लेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये शोधा-आणि-बदला उघडून रेग्युलर एक्स्प्रेशनची (म्हणजे नेमक्या शब्दाऐवजी नमुना देऊन शोधण्याची) खूण करा आणि शोधायच्या चौकटीत स्त्रोत(?!्) असे लिहा. कंसातल्या भागाचा अर्थ: पुढे हलन्त असेल तर हात लावू नको. ‘वस्त्रोत्पादन’मध्ये त-च्या पुढे हलन्त असतो म्हणून तो वाचतो, आणि ‘जलस्त्रोत’, ‘स्त्रोतांमधून’ ही रूपे सापडतात. ‘स्त्राव’साठी असली युक्ती नाही, एकेक करून पाहावे. पुढच्या लेखनासाठी स्वयंदुरुस्तीच्या तक्त्यात मराठी भाषा निवडून डावीकडे स्त्रोत.* आणि उजवीकडे ‘स्रोत’ भरा. शेवटचे टिंब-तारा विसरलात तर फक्त मूळ रूप सुधारेल आणि ‘स्त्रोताचा’, ‘स्त्रोतांना’ तसेच राहतील. एवढे करूनही कुठे ‘स्त्रोत’ राहिला आणि त्याखाली चुकीची लाल रेघ येत नसेल, तर कधीतरी त्यावर उजवी टिचकी मारून ‘शब्दकोशात भरा’ म्हटले गेले असू शकते. पर्यायांमधल्या लेखनसाहाय्यात तुमचा वैयक्तिक शब्दकोश सापडेल; त्यातून तो शब्द काढून टाका.

ही तुमच्या यंत्रापुरती दुरुस्ती झाली. लिब्रेऑफिस आणि फायरफॉक्स या दोन्हींत स्पेलिंग तपासणारे यंत्र हनस्पेल नावाचे आहे. ते मुळात हंगेरियनसाठी लिहिले गेले, आणि हंगेरियनमध्ये शब्दाला प्रत्ययामागून प्रत्यय लागतात म्हणून मराठीलाही ते बरे पडते. त्याच्या दोन फायली असतात. एकीत शब्द असतात, आणि तिची पहिली ओळ म्हणजे शब्दसंख्येचा आकडा. दुसरीत प्रत्ययांचे नियम आणि नेहमीच्या चुकांचा तक्ता असतो. त्या तक्त्यात ‘स्त्रो’च्या जागी ‘स्रो’ अशी एक ओळ घातली की चुकीच्या शब्दावर टिचकी मारताच योग्य शब्द सुचवण्यांत वर येतो. तक्त्याच्या माथ्यावर ओळींचा आकडा लिहिलेला असतो, तोही एकाने वाढवावा लागतो. लोक नेमके तेच विसरतात. फाइल यूटीएफ-8 या युनिकोडच्या साठवणपद्धतीतच साठवा. आणि ही दुरुस्ती शब्दकोश सांभाळणाऱ्यांकडे पाठवा, कारण नुसती आपल्या प्रतीत केलीत तर पुढचे अद्यतन येताच ती पुसली जाईल.

असे पाठवण्याला प्रोग्रामर मंडळी ‘अपस्ट्रीम’ पाठवणे म्हणतात. म्हणजे पुन्हा स्ट्रीम, आणि पुन्हा आपला स्रोत! इंग्रजीतला ‘सोर्स’ हा शब्द लॅटिनमधल्या ‘उसळून वर येणे’ या अर्थाच्या क्रियापदावरून आला. त्याचा अर्थ उगम, जमिनीतून पाणी वर येते ती जागा. ‘स्रोत’ म्हणजे वाहते पाणी. यावरून काही परिभाषापंडित म्हणतात, की ‘सोर्स’ला ‘स्रोत’ म्हणणे मुळातच चूक, ‘मूळ संहिता’ म्हणा. त्यांचा शब्दार्थ बरोबर आहे, पण या कामाचा व्यवहार त्यांना माहीत नाही. प्रोग्राम एका जागी उगवून तिथेच थांबत नाही. मूळ प्रकल्पाकडून तो डेबियनसारख्या वितरणाकडे (अनेक प्रोग्राम जुळवून एकत्र वाटणाऱ्या प्रकल्पाकडे) येतो, तिथून आणखी खाली, शेवटी तुमच्या यंत्रात. दुरुस्त्या उलट दिशेने चढतात. डेबियनच्या पॅकेजात ‘पॅचेस’ नावाची एक फोल्डर असते. वितरणाने मूळ प्रोग्रामवर केलेले बदल तिथे ओळीने ठेवलेले असतात. वर न पाठवलेला प्रत्येक बदल हे पुढच्या वेळचे ओझे. मूळ प्रकल्पाने त्याच ओळी हलवल्या की नव्या आवृत्तीवर जुना पॅच बसत नाही, नाकारलेले तुकडे वेगळ्या फाइलीत पडतात आणि कोणाला तरी ते हाताने जुळवत बसावे लागते. वर स्वीकारला गेला तर तो पॅच खालून काढूनच टाकता येतो.

या दोन दिशांना संस्कृतात तयार शब्द आहेत: अनुस्रोत म्हणजे प्रवाहाबरोबर आणि प्रतिस्रोत म्हणजे प्रवाहाविरुद्ध. पालीतही ‘पटिसोतगामी’ आहे, धारेच्या उलट जाणारा. अपस्ट्रीमला ‘प्रतिस्रोत’ आणि डाउनस्ट्रीमला ‘अनुस्रोत’ यापेक्षा नेमके काय हवे? ‘मूळ संहिता’वाल्यांनी ‘अपस्ट्रीम’चे भाषांतर करून दाखवावे, मग बोलू.

आता मूळ प्रश्न. ‘मोफत’ हा फारसी ‘मुफ्त’वरून आला आणि तो फक्त पैशांबद्दल बोलतो. ‘मुक्त’ हा ‘मुच्’ धातूचा, म्हणजे सोडणे. तो बंधनाबद्दल बोलतो. इंग्रजीत दोन्हींना ‘फ्री’ म्हणतात, म्हणून 1983 मध्ये मुक्त सॉफ्टवेअरचा ग्नू प्रकल्प जाहीर झाल्यापासून तिथल्या लोकांना हा फरक समजावत बसावे लागले आहे, आणि 1998 मध्ये ‘ओपन सोर्स’ हे दुसरे नाव काढण्यामागेही तो घोळ होता. मराठीत हा घोळ नव्हता. आपण तो भाषांतर करून आयात केला. मुक्त सॉफ्टवेअर विकता येते, त्याच्या परवान्यांना पैसे घेण्याची हरकत नाही. उलट शून्य पैशात मिळणारे पण आतली संहिता न दाखवणारे सॉफ्टवेअर मोफत असते, मुक्त नसते.

‘खुला’ला माझा विरोध यासाठी, की खुले म्हणजे पाहता येण्याजोगे एवढेच मनात येते. नुसते पाहू देणे पुरत नाही. वापरणे, अभ्यासून बदलणे, प्रती वाटणे आणि बदललेल्या प्रती वाटणे अशा चार मोकळिकी लागतात. शून्य ते तीन असे त्यांचे क्रमांक आहेत. ओपन सोर्सच्या व्याख्येत दहा अटी आहेत आणि सहावी म्हणते, की कोणत्याही क्षेत्रातल्या वापराला बंदी नको. म्हणून ‘व्यावसायिक वापर वर्ज्य’ असे परवान्यात दिसले की संहिता उघडी असूनही ते मुक्तस्रोत नाही. टेराफॉर्म हे सॉफ्टवेअर 2023 मध्ये असेच मुक्त परवान्यावरून बंधनाच्या परवान्यावर गेले. पण आधीच्या आवृत्त्यांना दिलेली मोकळीक मागे घेता येत नव्हती, त्यामुळे तिथूनच ओपनटोफू नावाचा फाटा फुटला आणि वाहू लागला.

तपासायचे कसे? संहितेच्या सर्वांत वरच्या फोल्डरमध्ये ‘लायसन्स’ किंवा ‘कॉपिइंग’ नावाची फाइल शोधा. नाहीतर प्रत्येक फाइलीच्या पहिल्या एक-दोन ओळींत एसपीडीएक्सने (परवाने नोंदवण्याच्या प्रमाणित पद्धतीच्या नावाने) सुरू होणारी परवान्याची खूण असते, ती पाहा. दोन्ही नसतील तर सगळे हक्क लेखकाकडे राखीव आहेत असे समजा. संहिता सगळ्यांसमोर ठेवलेली आहे म्हणजे ती घ्यायला परवानगी आहे, असे होत नाही.

जोडून लिहायचे की तोडून, हे विचारलेले नाही, पण सांगतो. सॉफ्टवेअरचे विशेषण असेल तर तो बहुव्रीही आहे, ‘ज्याचा स्रोत मुक्त आहे ते’. म्हणून ‘मुक्तस्रोत सॉफ्टवेअर’ असे जोडून. खुद्द संहितेबद्दल बोलत असाल तर ‘मुक्त स्रोत’ तोडून. त मात्र दोन्हीकडे शेवटी, एकच.