कॅज्युअल्टीत आमचा नंबर मागं का गेला?

प्रश्न: मॅडम, सासूबाईंना रात्री ताप आणि उलट्या सुरू झाल्या म्हणून गाडी करून सांगलीला कॅज्युअल्टीत नेलं, केसपेपर काढून दोन तास बाकड्यावर बसलो आणि आमच्यामागून आलेल्या दोघांना आधी आत घेतलं. विचारलं तर म्हणाले, एवढ्यासाठी सकाळी ओपीडीला यायचं. आम्ही काय चुकलो? – एक वाचक, तासगाव

उत्तर: ताई, तुम्ही काहीच चुकला नाहीत.

नंबरचं आधी सांगते. कॅज्युअल्टीत, म्हणजे तातडीच्या विभागात, केसपेपरचा नंबर चालत नाही, जिवाला धोका कुणाला जास्त ते बघतात. नाडी, बीपी, श्वास, ऑक्सिजन, पेशंट शुद्धीवर आहे का, यावरून लाल, पिवळा, हिरवा असे गट पाडतात, याला ट्रायाज म्हणतात. छातीत दुखणाऱ्याचा ईसीजी आल्यापासून १० मिनिटांत व्हायला हवा, लकव्यात गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं, त्यामुळं असा माणूस मागून आला तरी आधी आत जाणार आणि ते बरोबरच आहे. फक्त हे तुम्हाला कुणीतरी दोन वाक्यांत सांगायला पाहिजे होतं, ते राहिलं.

पण "सकाळी या" हे मला अजिबात पटत नाही. दिवसाची हजेरी बुडवून ओपीडीच्या रांगेत बसणं सगळ्यांना जमत नाही, रात्री गावातला दवाखाना बंद, मग माणूस जाणार कुठं? आणि खरं सांगू का, तापाच्या पेशंटनं कॅज्युअल्टी तुंबत नाही, त्याला तपासून औषध द्यायला कितीसा वेळ लागतो. तुंबते ती वर वॉर्डात बेड नसतो म्हणून. ॲडमिट केलेला पेशंट रात्रभर खालीच स्ट्रेचरवर पडून राहतो, त्याचं सलाईन, इंजेक्शन, ऑक्सिजन सगळं त्याच सिस्टर बघतात ज्यांना नवीन पेशंटही घ्यायचेत, त्यात ॲक्सिडेंटची केस आली की पोलिसांसाठीची एमएलसी, म्हणजे मेडिको-लीगल केसची नोंद, लिहायची. मग अँटिबायोटिकचा डोस उशिरा जातो, म्हाताऱ्या माणसाकडं लक्ष कमी पडतं. स्टाफ वाढवायचा तो इथं आणि वॉर्डातले डिस्चार्ज दुपारपर्यंत न लांबवता सकाळीच झाले पाहिजेत, हे मी गेली कित्येक वर्षं जिथं बोलायला मिळेल तिथं बोलतेय.

पुढच्या वेळी गाडी शोधत बसू नका, १०८ ला फोन करून ॲम्ब्युलन्स बोलवा. २०१४ पासून ही सेवा आपल्याकडं आहे, पैसे लागत नाहीत आणि उपचार रस्त्यातच सुरू होतात. अगदी जिवावर बेतलं तर जवळचं खाजगी हॉस्पिटलसुद्धा चालेल, जखमीवर आधी उपचार करायचे, कागदपत्रं नंतर, असं सुप्रीम कोर्टानं १९८९ मध्येच सांगितलंय. सोबत बीपी-शुगरच्या गोळ्यांची पाकिटं आणि जुने रिपोर्ट घ्या, आत एकानंच जा.

आणि बाकड्यावर बसलेले असताना सासूबाई गुंगीत जायला लागल्या, दम लागला, बराच वेळ लघवी झाली नाही किंवा हातपाय गार पडले तर नंबरची वाट बघू नका, लगेच सिस्टरना "आलो तेव्हा असं नव्हतं, आत्ता बदल झालाय" असं सांगा आणि बीपी-ऑक्सिजन परत बघायला लावा.